मुक्काम पुळ्याला, फेरी रत्नागिरीला

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ या भागांत राहणाऱ्या आपल्या माणसांचे समुद्राशी नाते मोठे चमत्कारिक आहे. महाराष्ट्राच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे, हे वाक्य आपल्याकडचा कोणताही शाळकरी मुलगा घडाघडा म्हणून दाखवील. पण त्या समुद्राचे पाणी ओंजळीत घेऊन ज्याने चाखले आहे असा मुलगा वर्गात शोधू लागलात, तर दोन-तीन हात वर होतील; खेड्यातल्या शाळेत कदाचित एकही होणार नाही. आपले शिक्षक भरती-ओहोटी शिकवतात ती फळ्यावर दोन वर्तुळे काढून. त्यांचा तरी काय इलाज? नागपूरहून मुंबई रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटरच्या पुढे. समुद्र म्हणजे आपल्याला परमुलुखच.

आता असे नाही की आपली माणसे जात नाहीत. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की गाव-गाव मिळून एक मोटार ठरवतात आणि 'कोकण दर्शना'ला निघतात. चार दिवसांत नऊ ठिकाणे! पहाटे चारला उठायचे, सामान बांधायचे, दोन तास गाडीत, अर्धा तास देवळात, पुन्हा गाडीत. घाट सुरू झाला की अर्ध्या मुलांना गाडी लागते. आजीबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या गाडीतच बसून राहतात. आणि घरची बाई सामान सांभाळायला, नाहीतर पुढच्या मुक्कामी स्टोव्ह पेटवून भात टाकायला. परत आल्यावर अशा एका काकूंना मी विचारले, "समुद्र कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "पाह्यला ना खिडकीतून. पोरगी उलट्या करून राहिली होती, तिले धरू का समुद्र पाहू?" या काकूंनी सर्वांएवढाच खर्च केला होता, सर्वांपेक्षा अधिक कष्ट केले होते, आणि त्यांच्या वाट्याला खिडकी आली.

म्हणून आज मला निराळ्या तऱ्हेच्या सहलीविषयी बोलायचे आहे. एका जागी मुक्काम ठोकायचा, तोही मोठ्या बंदराच्या गावात नव्हे, तर गावाबाहेर, किनाऱ्यालगत. आणि तेथून एक दिवसाआड बंदरात फेरी मारून दिवे लागायच्या आत परत यायचे. युरोपात भूमध्य समुद्राच्या काठी ही रीत चांगली रुळलेली आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा झाला, आणि तोवर ज्यांना सुट्टी ठाऊकच नव्हती अशी कुटुंबे तंबू घेऊन समुद्राकडे निघाली. बंदराच्या शहरात खोली घेणे त्यांना परवडणारे नव्हते. शहराबाहेर तंबू, आणि शहर पाहायला दिवसाची फेरी, हाच हिशेब जुळत होता. इटलीतले व्हेनिस घ्या. त्याच्या पूर्वेला वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर तंबूंचे तळच्या तळ आहेत. तेथली कुटुंबे सकाळी पुंता साब्बिओनी नावाच्या धक्क्यावरून होडीने व्हेनिसला जातात आणि संध्याकाळी तंबूत परततात. श्रीमंतांच्या शहराचा त्यांना खर्च पडतो तो होडीच्या तिकिटाचा.

आपल्याकडे हा बेत जमण्यासारखी जागा मला वाटते ती रत्नागिरी आणि गणपतीपुळे यांची. रत्नागिरी हे जिल्ह्याचे ठिकाण, जुने बंदर, मासेमारीचे मोठे केंद्र. तिच्या उत्तरेला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटरवर गणपतीपुळे. पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. त्या पुळणीवरून पुळे. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तेथे समुद्राला लागूनच आहे. शिवाय पुळे, मालगुंड, भंडारपुळे, आरे-वारे या पट्ट्यात घरगुती मुक्कामाची, कोठे नारळीच्या वाडीत तंबूंची सोय होते. जेवण घरचे मिळते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कारण सहलीत स्टोव्ह घेऊन जायचा नाही, ही माझी पहिली अट आहे. दशम्या आणि चिवडा प्रवासापुरता घ्यावा. आपल्याला तिखटाची सवय आणि तेथे नारळाचा हात सैल, तेव्हा पहिले दोन घास जरा गुळचट लागतील. लसणाची चटणी डब्यात असू द्या. पण सोलकढीला नाक मुरडू नका.

जायचे कसे? गोंदियाहून निघून नागपूरमार्गे कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या ओळखीची आहे. सगळा प्रवास महाराष्ट्रातच करते आणि घाई मुळीच करीत नाही. एक दिवस-एक रात्र तिला द्यावी. कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन घेऊन रात्रीचा मुक्काम करावा आणि सकाळी एसटीने आंबा घाटातून रत्नागिरीस उतरावे. हे अंतर सुमारे एकशेतीस किलोमीटर आहे. मुंबईमार्गे कोकण रेल्वेनेही जाता येते. ती पूर्णपणे सुरू झाली १९९८ साली. परंतु घाटाने उतरण्यात एक शिक्षण आहे. देशावरची काळी जमीन मागे पडते, उसाचे मळे संपतात, आणि एका वळणानंतर माती एकदम तांबडी होते. तो जांभा दगड. नागपूरला वर्षाकाठी पाऊस पडतो अकराशे मिलिमीटरच्या आसपास, रत्नागिरीला तीन हजारांहून अधिक. हा फरक मुलांना त्या वळणावर दाखवता येतो. अर्थात ज्यांना घाट लागतो त्यांना पुढल्या आसनावर बसवा आणि आवळासुपारी द्या.

खर्चाविषयी एक सांगतो. राज्य परिवहनाच्या गाड्यांत १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे भाडे आहेच, मुलांनाही आहे. म्हणजे आजी, आई आणि दोन मुले यांना घेऊन पुळ्याहून रत्नागिरीला जाऊन येणाऱ्या माणसाला पुरे भाडे स्वतःचेच द्यावे लागते. 'बायकांना कशाला नेता, खर्च वाढतो' असे म्हणणाऱ्यांची पंचाईत एसटीने करून ठेवली आहे! ओळखीची कागदपत्रे मात्र जवळ ठेवा.

कधी जावे? आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून पुष्कळांना वाटते की जूनही आपलाच. समुद्र ते मानत नाही. जूनमध्ये पाऊस उतरला की तो खवळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बंदरात होड्या नुसत्या बांधून ठेवलेल्या दिसतील. मे महिन्यात हापूस असतो, पण घामाने जीव नकोसा होतो. आपल्या कोरड्या उन्हाची सवय तेथे काही कामाची नाही. दिवाळीची सुट्टी उत्तम.

पोचल्याच्या दिवशी रत्नागिरी पाहायची नाही. तो दिवस पुळ्याचा. गणपतीचे देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तो डोंगरच देवाचे रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा सबंध डोंगराला घालतात. साधारण एक किलोमीटरची वाट आहे. म्हातारी माणसेसुद्धा सावकाश घालू शकतात, कारण आज त्यांना दुसरे कोठे जायचे नाही. एका जागी राहण्याचा फायदा येथे कळतो. आजी थकल्या तर मुक्कामावर पडून राहतील. त्यांच्यासाठी गाडीचा कर्णा कोणी वाजवीत नाही.

त्याच संध्याकाळी मुलांना पंचांग उघडून बसवावे. पंचांग आणि समुद्र यांचा संबंध आपल्या शेतकरी श्रोत्यांना आवडेल असा आहे. कोकणात जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास निघतो. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थी असेल तर तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान, आणि त्या दिवसांतली भरती सर्वांत मोठी, तिला उधाण म्हणतात. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. कारण चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरते. हा ठोकताळा आहे, घड्याळ नव्हे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पण मुलाने आदल्या रात्री हिशेब करून ठेवावा आणि सकाळी काठी रोवून पाणी कोठवर येते ते पाहावे, यासारखा भूगोलाचा तास नाही. फळ्यावरची ती दोन वर्तुळे येथे खरी होतात.

आता एक कठोर गोष्ट. गणपतीपुळ्याच्या समुद्रात माणसे बुडाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत असतात, आणि त्यांत घाटावरची, आपल्यासारख्या समुद्र न पाहिलेल्या मुलखातली तरुण मुले पुष्कळ असतात. 'मला पोहता येते' म्हणणारा मुलगा तळ्यात नाहीतर कन्हान-वैनगंगेच्या डोहात पोहायला शिकलेला असतो. तळ्याचे पाणी जागच्या जागी असते, नदीचे एका दिशेने जाते. समुद्राचे पाणी लाटांबरोबर आत येते आणि मग एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात परत जाते. ती वाट वरून शांत दिसते. तेथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. पायाखालची वाळू सरकते, आणि चांगला पोहणारा गडी किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजत झुंजत थकतो. अशा वेळी किनाऱ्याकडे झुंजू नये; किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे, म्हणजे ती वाट सुटते. पण ही विद्या संकटात आठवेलच असे नाही, म्हणून साधा नियम पाळावा. पाणी घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. ओहोटी लागली की बाहेर. जीवरक्षक किंवा गावातला माणूस 'नको' म्हणाला की नको. बुडणाऱ्याला वाचवायला एकामागून एक धावून सारे घर गेल्याचे प्रसंग आहेत. तेव्हा दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे आणि ओरडावे. बापाने पोरांसमोर शौर्य दाखवायला ही जागा नाही.

पहिली फेरी मिरकरवाड्याची. रत्नागिरीचे हे मासेमारीचे बंदर. होड्या कोणत्या वेळी लागतात ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. आम्ही गेलो त्या दिवशी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बर्फाच्या लाद्या फोडल्या जात होत्या, टोपल्या हातोहात वर येत होत्या. बांगडा, सुरमई, म्हाकूल, कोळंबी यांचे ढीग पडत होते आणि लिलाव पुकारला जात होता. बोली लावण्यात आणि माल उचलण्यात बायका पुढे. सौ. माझ्या कानाशी म्हणाल्या, "हिशेब बघा कसा तोंडी करताहेत!" आमच्या घरात मासे शिजत नाहीत, वासाने प्रथम आम्ही नाकाला पदर-रुमाल लावले. पण अर्ध्या तासाने मुले एका तांडेलाशी बोलत उभी होती आणि नाकावरचे रुमाल कधी उतरले ते कोणाला कळले नाही. भंडारा-गोंदियाकडच्या श्रोत्यांनी तर हे बंदर आवर्जून पाहावे. आपल्याकडचे ढीवर बांधव तलावात जाळे टाकतात, झिंगे वाळवतात; तलावाचा ठेका, पाण्याची आटणी यांची त्यांना काळजी. येथल्या कोळी-दालदी लोकांना काळजी डिझेलची, बर्फाची आणि वादळाची. दोन्हीकडे जाळे विणणारा हात सारखाच चालतो. मुलांना वहीत दोन रकाने आखून द्या आणि विचारायला लावा. फक्त काम चालू असताना मधे उभे राहू नये. तेथे एकेका क्षणाला माल उतरत असतो आणि आपण पाहुणे असतो.

बंदराच्या डोक्यावरच रत्नदुर्ग आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचा, तिन्ही बाजूंनी समुद्र. एका टोकाला बालेकिल्ला आणि त्यात भगवतीचे देऊळ, दुसरीकडे दीपगृह. शिवाजी महाराजांनी हा १६७० साली घेतला. तटावरून खाली पाहिले की बंदर नकाशासारखे दिसते. लाटा अडवायला पाण्यात घातलेला दगडी बांध, त्याच्या आत होड्यांची गर्दी, बाहेर मोकळा समुद्र. बंदर येथेच का, गणपतीपुळ्याला का नाही, हा प्रश्न मुलांना येथे उभे करून विचारावा. उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.

नंतरचा दिवस विश्रांतीचा. फार तर जवळच मालगुंडला जाऊन यावे. मराठी कवितेला नवे वळण देणारे केशवसुत १८६६ साली तेथे जन्मले, त्यांचे स्मारक आहे. मराठीच्या शिक्षकांना मी आणखी सांगायला नको.

दुसरी फेरी गावातली. टिळक आळीत लोकमान्यांचा जन्म १८५६ साली ज्या घरात झाला ते घर जपून ठेवले आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर १९३१ साली उभे राहिले. समुद्री जीवशास्त्र केंद्राचे मत्स्यालय आहे, त्यात देवमाशाचा प्रचंड सांगाडा. मुले तेथून हलत नाहीत. पण मला स्वतःला जेथे रेंगाळावेसे वाटले ती जागा थिबा राजवाडा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी मंडाले घेतले, राजा-राणीला प्रथम मद्रासेस आणि १८८६ साली रत्नागिरीस आणले. रत्नागिरीच का? मागे सह्याद्री, पुढे समुद्र, रेल्वे नाही. राजाला ठेवायला याहून सोयीची कोठडी कोणती? त्याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ साली रंगूनला धाडले होते आणि तो १८६२ मध्ये तेथेच वारला. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात! हा उतरत्या छपरांचा राजवाडा थिबासाठी १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ साली राजा वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम तेथे आले होते. आपल्या नागपूरकरांना ब्रह्मदेश तसा परका नाही. १९५६ साली दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धम्मदीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी मूळचे त्याच देशातले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हेही रत्नागिरी जिल्ह्यातच, मंडणगड तालुक्यात. मात्र ते जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला आहे, या फेरीत कोंबू नये. त्यासाठी वेगळे यावे. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून निघावे.

परतीच्या एसटीला वेळ असला तर मांडवीच्या किनाऱ्यावर बसावे. पूर्वी मुंबईहून आगबोट यायची ती दूर उभी राहायची, आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. आपल्याला गाडी लागते तशी कोकणातल्या माणसाला बोट लागे. मांडवीची वाळू काळसर आहे. तिच्यात इल्मेनाइटसारखी लोह आणि टायटॅनियम असलेली जड खनिजे आहेत. कागदावर चिमूटभर वाळू घेऊन खालून लोहचुंबक फिरवा, काही कण त्याच्यामागे धावतील. उत्तरेकडल्या बाजूच्या किनाऱ्याची वाळू पांढरी, म्हणून गावकरी एकाला काळा समुद्र आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात.

शिक्षकांनी निघताना सामानात दोन जादा बाटल्या ठेवाव्यात. दोन-दोन चिमटी वाळू, काळी आणि पांढरी, कागदात बांधून घ्यावी. आणि पुळ्याच्या स्वच्छ पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या भराव्यात. आपल्या वर्गातले चाळीस-पन्नास जण आले नसतील, येणेही पुष्कळांना जमणार नाही. शाळा उघडली की एक लिटर पाणी पातेल्यात घेऊन चुलीवर आटवायला ठेवा. आधी प्रत्येकाला विचारा, तळाशी किती मीठ उरेल? कोणी चिमूट म्हणेल, कोणी मूठ. पाणी आटत आले की विस्तव मंद करा, नाहीतर मीठ तडतडून उडते. उरलेले मीठ तराजूत घाला. पस्तीस ग्रॅमच्या आसपास भरेल. जिभेवर ठेवले तर ते दुकानातल्या मिठापेक्षा जरा कडवट लागेल, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात. दुसरी बाटली न आटवता वर्गातल्या कपाटावर ठेवून द्या.